दोन्ही पट्ट्यांवर काजं

महिना झाला, शिंपीमास्तरांच्या जिवाला स्वस्थता नव्हती. चाळीस वर्षं ज्याचे कोट शिवले त्या वकिलाचं नाव आयत्या वेळी आठवेना. चष्मा कपाळावर आणि शोध दुकानभर. झालं! वडलांसारखंच आपलंही डोकं जाणार, हे त्यांनी मनाशी पक्कं करून टाकलं. मग रोज गिऱ्हाइकांची मापं घोकायची, एखादं चुकलं की घास घशाखाली उतरायचा नाही.

बायको मात्र निवांत. दुकानात काजं-बटणं तिच्याकडे, आणि नवरा अडला की जुनी नावं घडाघडा तीच पुरवायची. "वकील ना ते? त्यांच्या वडलांचं नावसुद्धा सांगते."

आज सकाळपासून तिनं तिसऱ्यांदा विचारलं, "अहो, डॉक्टरांकडे किती वाजता जायचंय?" आपणच सांगायला विसरलो, असं वाटून मास्तर ओशाळले आणि एकटेच निघाले.

डॉक्टरांनी स्कॅन पडद्यावर लावला. "वयानं मेंदू थोडा आक्रसतोच. नाव उशिरा सापडतं, पण सापडतं. तुमचं तेवढंच आहे."

"आणि वडलांना झाला होता तो विसरण्याचा आजार?"

"तो बहुधा नवी आठवण धरून ठेवणारा भाग आधी पोखरतो. जुनं शाबूत, सकाळचं गायब. माणूस तेच तेच विचारतो. पुढे हातातलं कामही चुकायला लागतं. आणि बरेचदा त्याला स्वतःला पत्ताच नसतो."

शेवटचं मास्तरांनी धड ऐकलंच नाही. जीव भांड्यात पडला होता ना! दुकानात शिरतानाच म्हणाले, "ठणठणीत आहे मी. इतक्यात काही तुझी सुटका नाही."

ती हसली. "बरं झालं बाई." तयार शर्ट तिनं घडी घालायला पुढे केला.

मास्तरांनी तो उलगडला. पुढच्या दोन्ही पट्ट्यांवर सात-सात काजं, एकेक टाका रेखीव. बटण लावायला जागाच नाही. आपणच खूण चुकीची केली का, म्हणून त्यांनी खडूची रेघ शोधली. रेघ एकाच पट्टीवर होती.

"अहो," ती सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "डॉक्टरांकडे किती वाजता जायचंय?"

महिनाभर ज्याच्या धास्तीनं तळमळले, ते आपल्यालाच झालेलं परवडलं असतं, असं मास्तरांना वाटलं. त्यांनी शर्टाची घडी घातली, काजं आत लपतील अशी.

"उद्या दहाला," ते म्हणाले. "दोघं जाऊ."