दरोग्याची साक्ष

दत्तात्रय दरोग्याचं नाव निघालं की बुधवारा मोहल्ल्यातले लोक आधी हसायचे आणि मग कोणी ऐकलं तर नाही ना, म्हणून मागे बघायचे. त्याला कारण होतं. महाराणीच्या राज्यात अबकारी खात्यात नोकरीला लागला त्याच वर्षी त्याने मालूबाईच्या परसातली अंबाडी गांजा समजून मुळासकट उपटली आणि गाडीत घालून तहसिलीपुढे आणून उभी केली. दोन्हींची पानं सारखीच, बोटं पसरल्यासारखी. पण खेड्यातलं शेंबडं पोरही त्यात चुकत नाही. हा पडला शहरात वाढलेला. अंबाडी त्याने पाहिली होती ती ताटात, भाकरीशेजारी. शिपायांनी तो मुद्देमाल घरोघर वाटला आणि निम्म्या बुधवाऱ्याने सरकारच्या नावाने भाजी खाल्ली.

माणूस वाईट नव्हता. पण एकदा हसं झालं की माणूस जरा जास्तच कडक होतो. गांजा म्हणजे घराचं वाटोळं, हे तो येईल-जाईल त्याला ऐकवी. अशात विलायतेहून हुकूम सुटला. गांजा चालू ठेवायचा की साफ बंद करायचा, हे ठरवायला साहेबांचं कमिशन गावोगाव साक्षी घेत फिरणार होतं. खंडव्याच्या बैठकीसाठी दत्तात्रयाचं नाव गेलं.

"एकदम साफ बोलायचं," त्याच्या वरच्या अंमलदाराने बजावलं. "औषधबिषध सब बकवास, बंद करा, म्हणायचं. साक्ष चांगली झाली तर पुढची जागा तुमचीच."

साक्षीआधी एखादी पकड हातात असावी, म्हणून दत्तात्रय लोटू शिपायाला घेऊन असीरगढाच्या पायथ्याच्या एका गावात गेला. धुरपदाबाई नावाच्या शेतकरणीच्या परसात गांजाचं झाड आहे, अशी खबर होती. परवान्याच्या शेताबाहेर एक रोप सापडलं तरी शिक्षा. परसात बघतो तर अंबाडीचा वाफा! दरोग्याला घाम फुटला. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. हा एकेक पान चुरगाळून हुंगत निघाला. कोपऱ्यातल्या एका पानाने नाकात झणका दिला तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

"बाई, बाहेर या!" तो ओरडला. कोणी आलं नाही. तो तरातरा आत शिरला.

खाटेवर तिचा नवरा यादव होता. डोकं आणि टाचा तेवढ्या खाटेला टेकलेल्या, मधलं अंग कमानीसारखं वर उचललेलं, दातखीळ बसलेली, आणि ओठ असे ताणलेले, की वाटावं हसतोय. टाचेत बोराटीचा काटा मोडला होता, त्यातून धनुर्वात झाला होता. दत्तात्रय जागच्या जागी थिजला. हे हसू त्याच्या ओळखीचं होतं. त्याचा थोरला भाऊ मधुकर हेच तोंड घेऊन गेला होता, आणि घरातली सगळी शहाणी माणसं भिंतीला टेकून नुसती बघत राहिली होती.

धुरपदाबाई चिलीम ओढत होती. धूर तोंडात धरायची, नवऱ्याच्या दातांच्या फटीवर ओठ टेकवायची आणि हळूहळू आत सोडायची.

"झाड घेऊन जा, साहेब," ती मागे न वळता म्हणाली. "मलेबी न्या. पन अभी नको. यांह्यचं अंग सैल होऊ द्या."

"याने सैल होतं?"

"कोनाचं होते, कोनाचं नाही. माह्या सासऱ्याचं नाही झालं."

ती पहाटेपासून बसली होती. जन्मात कधी चिलमीला हात न लावलेली बाई. डोळे लालभडक झाले होते, जीभ जड झाली होती. बोलता बोलता ती कलंडली आणि चिलीम हातातून घरंगळली. त्याच वेळी बाहेर कुत्रं भुंकलं. तेवढ्या आवाजाने यादवचं अंग ताडकन आणखी वाकलं, श्वास कोंडला, ओठ काळेनिळे पडले. बाईने उठायचा प्रयत्न केला. जमेना.

"साहेब," ती एवढंच म्हणाली.

दत्तात्रयाने दाराकडे पाहिलं. दारात लोटू उभा होता. लोटूने गुपचूप पाठ फिरवली.

दरोग्याने चिलीम उचलली. पहिल्या झुरक्याला ठसक्याने जीव घाबरा झाला. दुसरा वाया गेला. तिसरा त्याने कसाबसा तोंडात धरला आणि दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणीही न पिणाऱ्या त्या माणसाने परक्या माणसाच्या तोंडाला तोंड लावून तो आत फुंकला. मग पुन्हा. किती वेळ, त्याचं त्यालाही कळलं नाही. भुंकणं थांबलं, उन्हाची तिरीप खाटेखाली सरकली, आणि त्याच्या तळहाताखाली यादवचा जबडा हलला. आधी नखाएवढी फट, मग बोटाएवढी. पाठ खाटेला टेकली. छाती भरली, रिकामी झाली, पुन्हा भरली.

"धुरपदे," यादव म्हणाला. "पानी."

दत्तात्रयाच्या अंगावर सरसरून काटा आला. समोरचा असीरगढ जागचा हलला असता तरी त्याला एवढं नवल वाटलं नसतं. ज्याचं नाव काढलं की तो थुंकायचा, ते झाड त्याच्याच श्वासातून एका माणसात शिरलं होतं आणि त्याला परत घेऊन आलं होतं. आपण रडतोय, हे त्याला बऱ्याच वेळाने समजलं.

निघताना तो वाफ्यापाशी थांबला. "अंबाडीच आहे," तो म्हणाला.

"जी, अंबाडीच," लोटू म्हणाला.

हिवाळ्यात यादव काठी टेकत चालू लागला, आणि दत्तात्रय खंडव्याला साहेबांपुढे उभा राहिला. अंमलदार पहिल्याच रांगेत बसला होता.

"गांजाचा औषध म्हणून काही उपयोग आहे?" मुनशीने साहेबाचा प्रश्न मराठीत सांगितला.

"आहे."

अंमलदाराची मान वर झाली. साहेबाने दुसरा प्रश्न टाकला, ऐकीव सांगता की पाहिलेलं. "पाहिलेलं," दत्तात्रय म्हणाला, आणि झालं ते सगळं त्याने सांगितलं. फक्त धूर कोणी फुंकला ते गाळलं, आणि गाव व बाईचं नावही घेतलं नाही.

साहेब कच्चा नव्हता. "तुम्ही स्वतः कधी ओढला आहे?"

मुनशी भला माणूस. प्रश्न सांगून झाल्यावर तो हळूच पुटपुटला, "नाही म्हणा, दरोगासाहेब. नोकरीचा सवाल आहे."

'नाही' म्हणणं सोपं होतं. लोटू जन्मात बोलला नसता. पण 'नाही' म्हटलं असतं, तर यादवच्या खाटेपाशी जे घडलं, ते दुसऱ्याच कोणाचं झालं असतं.

"ओढला," दत्तात्रय म्हणाला.

मागे कोणीतरी फिसकन हसलं. अंमलदार खुर्ची सरकवून उठला आणि बाहेर निघून गेला. साहेबाने लेखणी खाली ठेवली.

"मग? नशा कशी होती?"

"चढली असेल, साहेब," दत्तात्रय म्हणाला. "गेलेला माणूस पाणी मागत होता. माझं लक्ष तिकडे होतं."