चालू माग

चहाचा पेला नफीसाने हातानेच मागे सारला. सोमवार होता, तिचा दर सोमवारचा नेमाचा रोजा होता; पण रोजा नसता तरी तो चहा तिच्या घशाखाली उतरला नसता. नव्या मालकाने संपकऱ्यांना चहा पाठवावा, ही गोष्टच तिच्या मनाला खटकत होती.

"घाबरलाय," उस्ताद शाफी पेला उचलत म्हणाला. साळखात्यातला, म्हणजे विणकामाच्या खात्यातला, तो जुना पुढारी. "आज चहा आलाय, उद्या बसबूसाची मिठाई येईल. परवा लेक घेऊन दारात उभा राहील, तुमच्या घरात सून करून घ्या म्हणून."

बायाबापड्या हसल्या.

"घाबरलेला माणूस पोलीस पाठवतो, उस्ताद. चहा नाही," नफीसा म्हणाली.

गिरणीतला संप म्हणजे माग बंद ठेवणं नव्हे. गिरणी सरकारची, म्हणजे आपलीच. घरची चूल कुणी आपल्या हाताने विझवतं का? म्हणून भांडण पेटलं की पगार उचलायचा नाही, घरी जायचं नाही आणि माग चालते ठेवायचे, ही इथली रीत. असे फुकट राबणारे कामगार पाहिले की सरकारला मान वर करता येत नसे. मागच्या खेपेला कैरोहून साहेब धावत आले होते, माग बंद करा म्हणून विनवत होते. या वर्षी सरकारने गिरणी विकून टाकली आणि विक्री रद्द व्हावी म्हणून पुन्हा तेच शस्त्र उपसलं होतं. या खेपेला मात्र कुणी विनवायला आलं नव्हतं. विणलेले तागे दाराशी रचून ठेवले होते, त्यांना कुणी हातही लावला नव्हता.

आवारात मात्र सकाळपासून तिकाटण्यावर दुर्बीण लावून मोजणी चालली होती. सरकार मागांची किंमत काढून गिरणी परत घेणार, असं शाफी सगळ्यांना सांगत सुटला होता. नफीसाने शेजारणीला आपल्या मागावर लक्ष ठेवायला सांगितलं, डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि ती बाहेर गेली.

मोजणी करणारा तरुण इंजिनियर भला होता. तिला पाहून त्याने सलाम केला.

"माग तर आत आहेत, बाबा. तू बाहेर काय मोजतोस?"

"मागांचं मालकांनी मला काही सांगितलेलं नाही, मावशी. फक्त जागा मोजायची."

"मग आम्ही बंद करायचे का?"

त्याला प्रश्नच कळला नसावा. त्याने दुर्बिणीवरून डोळा काढला.

"चालू द्या की. हवे तेवढे दिवस चालू द्या. कोण अडवतंय?"

ती परतली तेव्हा सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

"काय म्हणाला?" शाफीने विचारलं. "बंद करा म्हणाला?"

"नाही. चालू द्या म्हणाला."

क्षणभर कुणालाच उमगलं नाही. मग, म्हणजे गिरणी चालूच राहणार, असं म्हणत शाफीने टाळी वाजवली, आणि सरकारने हार मानली, हार मानली, असं म्हणत ती बातमी मागामागांतून पार टोकापर्यंत गेली. मालकाला माग नकोतच, फक्त जमीन हवी आहे, हे सांगायला नफीसाने तोंड उघडलं, पण त्या खडखडाटात तिचा मऊ आवाज तिचा तिलाच ऐकू येईना.

ती आपल्या मागाशी आली. तुटलेला धागा नीट गाठ मारून सांधला. 'बिस्मिल्ला' म्हणून तिने खटका ओढला आणि माग बंद केला.

खात्यातला गोंगाट तसूभरही कमी झाला नाही. पण शेजारणीने पाहिलं, मग तिच्या पलीकडच्याने. बघता बघता सगळ्यांच्या नजरा येऊन तिच्या हातावर खिळल्या.

शाफी सावकाश चालत आला. बंद मागाकडे त्याने पाहिलं, आणि मग बाहेर आवारात.

"नफीसा," तो हलक्या आवाजात म्हणाला, "मालकाच्या माणसांनी तुला काय द्यायचं कबूल केलंय?"