रबराचं गांडूळ

रबराचं गांडूळ गळाला दोन तऱ्हांनी लावता येतं, हे ज्ञान मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी अमेरिकेत, नेपरव्हिलमध्ये झालं, तेही बाबांमुळे. टेक्सस रिग नावाच्या पद्धतीत गळाचं टोक गांडुळाच्या अंगातच लपवतात. ते शेवाळात अडकत नाही, पण आमच्या नशिबी मासाही फिरकत नाही. वॅकी रिगमध्ये गळ गांडुळाच्या कमरेत अडकवतात, मग दोन्ही टोकं थरथरत सावकाश खाली जातात आणि बास मासा धावत येतो. ऑफिसातला परीक्षित दर वीकेंडला मासेमारी करतो. तो म्हणाला, "डोळे झाकून वॅकी घे, यार. फक्त गळाची लाइन हलली की लगेच ओढायची. उशीर केलास तर मासा गळ गिळतो, मग तो वाचत नाही." यातला पहिला भाग मी बाबांना सांगितला, दुसरा गिळून टाकला.

का, तेही सांगतो. माझे बाबा दादाराव, भंडाऱ्याचे निवृत्त शाळामास्तर. आई गेल्यावर एप्रिलमध्ये मी त्यांना इकडे आणलं. दीड महिना ते खिडकीशी खुर्ची टाकून बसून होते. एकदा घराजवळच्या तळ्यावर नेलं, तेव्हा कुठे माणूस हलला. भंडारा तळ्यांचा जिल्हा, पाणी दिसलं की त्यांचा जीव रमतो. पण रोज सकाळी पंचशील म्हणणारा माणूस, त्यामुळे पहिल्याच दिवशी अट घातली. "पकडायचा आणि जिता सोडायचा. त्याले दुखते, हे मले समजते. पण जीव जाता कामा नाही."

मला एकच हवं होतं. बाबांना मासे लागावेत, त्यांनी खूष व्हावं आणि ऑक्टोबरचं परतीचं तिकीट रद्द करून कायमचं राहावं. टेक्ससनं दोन शनिवार कोरडे गेले होते. तिसऱ्या शनिवारी मी वॅकी लावून दिलं.

"हे वेगळं दिसते," बाबा म्हणाले.

"याला मासे जास्त लागतात."

"सोडता येते ना बरोबर?"

"हो."

पहिल्या तासात दोन लागले. दोन्ही ओठाला. बाबांनी हात ओले करून गळ काढला, मासे पाण्यात सोडले आणि चक्क हसले. मग खुर्चीवर बसून माझ्याकडे वळले आणि आईबद्दल बोलायला लागले. लग्नानंतर आई पहिल्यांदा सायकल शिकली, थेट शाळेच्या हौदावर जाऊन आदळली, आणि वर्गातली सगळी पोरं बाहेर धावली. आई गेल्यापासून त्यांनी तिचं नावही काढलं नव्हतं. त्यांच्या खांद्यामागे लाइन बाजूला सरकताना मला दिसली. मी बोललो नाही. मला ते बोलणं थांबवायचं नव्हतं.

त्यांचं लक्ष गेलं तेव्हा फार उशीर झाला होता. गळ माशाच्या घशाच्याही आत होता आणि कल्ल्यांतून रक्त येत होतं. बाबांनी गळ न ओढता दोरी कापली, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मासा जेमतेम बारा इंचांचा. चौदा इंचांखालचा मासा परत सोडावा, असं तळ्यावर पाटीच होती, म्हणजे घरी नेऊन शिजवायचीही सोय नाही. बाबा गुडघाभर पाण्यात उतरून त्याला दोन्ही हातांत धरून पुढेमागे हलवत राहिले. वीस मिनिटं तरी झाली असतील. शेवटी त्यांनी हात काढले तेव्हा तो आडवा झाला आणि तसाच तरंगत राहिला.

मला काहीतरी बोलायलाच हवं होतं. "बाबा, उद्या विहारात जाऊन पुन्हा शील घेऊ."

"शील म्हणजे पार्किंगचा दंड वाटला का तुले? भरला का सुटलो?" ते पाण्यातूनच म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. "याच्यात असं होते, हे तुले माहीत होतं?"

नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. पण सकाळीच आम्ही दोघांनी खोटं न बोलण्याचं शील एका सुरात म्हटलं होतं. "हो," मी म्हणालो. आणि एकदा तोंड उघडल्यावर दुसरंही बाहेर पडलं. "आणि भंडाऱ्याचं घर एक तारखेपासून भाड्यानं द्यायला मोनालीला सांगितलंय."

बाबा काठावर आले. माझ्याकडून फोन मागून घेतला आणि ओल्या हातांनीच माझ्या बहिणीला लावला. "मोना, घराची चावी कोणाले देऊ नको," एवढंच बोलून फोन परत दिला.

मला रागच आला. "तुमच्या भल्यासाठीच केलं ना सगळं! तिकडे एकटे काय करणार तुम्ही?"

"माझं भलं मले सांगून तर कर," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागलं.

त्यांनी डब्यातून दुसरा गळ काढला, गांडूळ टेक्ससच्या पद्धतीनं स्वतः लावलं, टोक आत नीट लपलंय ना हे अंगठ्यानं चाचपलं आणि लाइन फेकली. अकरापर्यंत काही लागलं नाही. त्यांनी एकदाही लाइनवरची नजर काढली नाही. मी शेजारी बसून होतो. एप्रिलपासून मी त्यांना 'तुम्ही आता इथंच राहताय' असं सांगत होतो. ग्रीन कार्डचे फॉर्म आणले, डॉक्टर शोधला, गादी बदलली. विचारलं मात्र एकदाही नव्हतं, कारण उत्तराची भीती वाटत होती.

"बाबा," मी म्हणालो, "तुम्ही राहाल का माझ्याकडे?"

त्यांनी लाइन सावकाश पूर्ण गुंडाळून घेतली.

"नाही," ते म्हणाले. "ऑक्टोबरमध्ये जाईन."

माझे डोळे भरून आले. मी तळ्याकडे बघत बसलो. थोड्या वेळानं त्यांचा ओला हात माझ्या पाठीवर पडला.

"पुढच्या उन्हाळ्यात येईन," बाबा म्हणाले. "तेव्हा पुन्हा विचार."