टेबलाच्या पायाखालचे ठोकळे

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी टेबल आहे. शहराच्या बसगाड्या ज्या कचेरीतून चालतात, तिथल्या वेळापत्रक विभागात माझा मुक्काम असतो. गोष्ट सांगायची इतकी घाई झाली आहे, की माझा खण आपोआप उघडेल की काय असं वाटतंय!

सुताराने मला भक्कम लाकडातून घडवलं. रंधा मारून झाला की तो माझ्या अंगावरून तळहात फिरवायचा. जरा कुसळ लागलं की पुन्हा रंधा. कचेरीत माझ्यापाशी पहिल्यांदा बसले ते शिडीकाका. त्यांची उंची पाहून सगळे त्यांना याच नावाने हाक मारत. त्यांचे गुडघे सारखे माझ्या खणाला आपटायचे. म्हणून त्यांनी माझ्या प्रत्येक पायाखाली एकेक ठोकळा बसवून घेतला आणि वरून त्याच रंगाचं पॉलिश मारून घेतलं. विभागात सगळ्यात उंच मी! माझा रुबाब काय वर्णावा!

पुढे काका निवृत्त झाले. ठोकळे मात्र राहिले, आणि ते मुळात ठोकळे आहेत हेच सगळे विसरून गेले.

मग माझ्यापाशी ताई आली. अंगाने लहानखुरी, पण डोक्यात अख्ख्या शहराचे रस्ते. हे काम तिला जीव की प्राण होतं. साऱ्या शहराचं नवं वेळापत्रक पहिल्यांदाच तिच्या हाती सोपवलेलं होतं. पण माझ्यावर हात ठेवून टाइप करताना तिचे खांदे कानांना भिडत. दुपारपर्यंत बोटं बधिर होत आणि चुका शिरत. एकदा तर तिच्या वेळापत्रकात एकच बस एकाच वेळी दोन थांब्यांवर पोचली.

"ताई, ही गाडी जुळी आहे का?" शेजारच्या टेबलावरचे हिशेबनीस म्हणाले.

ती हसली खरी, पण मनगट चोळत. साहेब मात्र हसले नाहीत. "हात असाच दुखत राहिला तर हे काम दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल. तुम्ही चौकशीच्या खिडकीवर बसा."

ताईचा चेहरा एवढासा झाला. मग उपायांचा पाऊस पडला. खुर्ची वर केली, तर पाय लोंबकळू लागले. पायाखाली खोकं ठेवलं, तर गुडघे खणाला लागू लागले. पाठीला उशी लावून पाहिली, तीही सरकली.

"तुम्हीच थोड्या उंच व्हा ना!" हिशेबनीस म्हणाले.

"तुमची उंची द्या की, हिशेबनीसकाका! दिवसभर बसूनच तर असता."

सगळे ताईला दुरुस्त करत होते. माझ्याकडे कुणी पाहीना!

शेवटी तीच म्हणाली, "साहेब, खिडकीवर पाठवायच्या आधी एकदा जागा बदलून बघू द्या. मागच्या खिडकीतला उजेड थेट संगणकाच्या पडद्यावर येतोय." साहेबांनी मान डोलावली. लगेच सगळ्यांनी मिळून मला ओढायला सुरुवात केली. खरं तर उचलायला हवं होतं, पण ऐकतो कोण! माझा एक पाय उखडलेल्या फरशीला अडकला आणि कडाड्! मी एका बाजूला कललो. पेनं, पेन्सिली, पट्ट्या, सगळं घरंगळलं.

"पायच मोडला! अडगळीत टाका हे," साहेब म्हणाले. हिशेबनीस टेकू द्यायला पुठ्ठ्याची घडी घेऊन धावले.

एवढ्यात ताई खुर्ची ओढून माझ्या कललेल्या बाजूला बसली. तिने हात टेकवला आणि ओरडली, "थांबा! कुणी हात लावू नका! बघा, माझा हात इथे नीट टेकतोय. खांदा खाली आलाय!"

हिशेबनीस पुठ्ठा हातात घेऊनच माझ्याखाली शिरले. "अहो, मोडलंय कुठे? खालचा ठोकळा निघालाय! अजून तीन आहेत!"

मग काय विचारता! साहेबांनी स्वतः बाह्या सरसावल्या आणि हातोडी घेतली. एक निघाला, दुसरा निघाला, तिसरा हट्टी होता, तोही निघाला. मित्रांनो, इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं! ठोकळे पडद्याखाली गेले आणि पडदा ताईच्या नजरेसमोर आला. खिडकी बाजूला आली. फोन हाताशी, रोजचे कागद वरच्या खणात, क्वचित लागणारे थेट कपाटात. ताईची पावलं सपाट जमिनीवर टेकली.

हात काही एका दिवसात बरा झाला नाही. पण दुखणं हळूहळू ओसरलं, चुका थांबल्या आणि वेळापत्रक पुरं झालं.

ते लागू झालं त्या सकाळी सगळा विभाग खिडकीशी गोळा झाला. समोरच्या कारखान्याची रात्रपाळी सुटली. रोज तिथल्या कामगार बायकांना निघून गेलेल्या बसची पाठ तेवढी दिसायची. आज त्या थांब्यावर येतात न येतात तोच बस वळणावरून आली! सगळ्या चढल्या, बसायला जागाही मिळाली. हिशेबनीसांनी टाळ्या वाजवल्या.

"पुढचं वेळापत्रकही तुमच्याकडेच, ताई," साहेब म्हणाले.

मित्रांनो, तुम्ही अभ्यासाला बसाल तेव्हा आधी पाहा. पावलं टेकतात का? खांदे सैल आहेत का? उजेड पुस्तकावर पडतो की डोळ्यांवर? काही अडत असेल तर निमूट सोसू नका, खुशाल आमच्याकडे बोट दाखवा. आम्हाला राग येत नाही. आम्हाला कापता येतं, जोडता येतं, सरकवता येतं. तुमच्या हाडांचं तसं नाही.