सपाट वाचा, बाबा

"बोलू नका!" हे त्या आठवड्यात मी बाबांना इतक्यांदा सुनावलं, की शेवटी मी तोंड उघडायच्या आतच ते स्वतःच्या ओठांवर बोट ठेवायचे आणि वर डोळा मारायचे. मला हसू यायचं, पण हसायचीही चोरी. मी हसले की ते हसणार, ते हसले की खोकला येणार, आणि खोकला आला की दुसऱ्या दिवशीच्या सकाळचा आवाज गेलाच म्हणून समजा.

शुक्रवारी भल्या पहाटे डॉक्टर त्यांचं स्वरयंत्र काढणार होते. अख्खं. गाठ तिथेच होती, दुसरा इलाज नव्हता. पुढेमागे गळ्याला काहीतरी बसवून थोडंफार बोलता येईल, असं डॉक्टर म्हणाले, "पण हा आवाज राहणार नाही." एवढं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

आता हा आवाज म्हणजे काय चीज आहे ते सांगते. बाबांचं गॅरेज चौकाच्या कोपऱ्यावर आहे आणि तिथे सगळे त्यांना 'भोंगा' म्हणतात. समोर इंजिन घरघरत असतानाही ते पलीकडच्या फुटपाथवरच्या माणसाला इकडूनच विचारणार, गाडी काय म्हणते आणि गुडघा काय म्हणतो. मी भाषाविज्ञानाला प्रवेश घेतला तेव्हा म्हणाले, "बोलायला शिकायला युनिव्हर्सिटी? अगं, मी ते पाळण्यात शिकलो, तेही कुणी हजेरी न घेता!" हा विनोद त्यांनी गॅरेजात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवला. कान किटले होते माझे.

आणि आता तेच शिक्षण कामाला येणार होतं. आमच्या विभागात एक सॉफ्टवेअर आहे. माणसाने ठरावीक वाक्यं वाचून दिली की ते त्याचा आवाज शिकतं; मग त्याने टाइप करायचं आणि संगणकाने त्याच्या आवाजात बोलायचं. वाक्यं मात्र पुरेशी लागतात. कमी पडली तर काहीच बनत नाही, अर्धामुर्धा आवाज अशी भानगडच नाही. ती वाक्यं गेल्या वर्षी प्रकल्पासाठी मीच तयार केली होती. आपल्या भाषेतला प्रत्येक ध्वनी दुसऱ्या प्रत्येक ध्वनीच्या शेजारी एकदा तरी बसला पाहिजे, एवढीच अट. अर्थ लागला तर लागला, नाही तर राहिला. महिनोन्महिने डोकं फोडून जमवली होती ती, आणि बाईंनी वर्गात कौतुक केलं होतं.

बाई म्हणजे माझ्या मार्गदर्शक. त्यांना मुलं पाठीमागे 'कान' म्हणतात, कारण त्यांना काचेपलीकडून माणसाने आवंढा गिळलेलाही ऐकू येतो. त्यांनी सोमवारपासून सकाळी ध्वनिमुद्रणाची खोली आम्हाला मोकळी करून दिली. पहिल्याच दिवशी बाबांना माइकपुढे बसवून त्या म्हणाल्या, "सपाट वाचा. एकाच पट्टीत, एकाच अंतरावरून. हसू नको, राग नको, लाड नकोत. जे द्याल तेच ते शिकणार."

बाबांनी चष्मा लावला, शाळेतल्या मुलासारखे ताठ बसले आणि वाचलं, "ढोलीतल्या घुबडाने छत्रीला झालर लावली." मग कागद खाली केला. "हे कुणी कुणाला सांगितलं?"

"कुणीच नाही. वाचा, बाबा."

"मग मला का सांगतेस?"

"पट्टी बदलली," बाई काचेच्या अलीकडून, माझ्या शेजारच्या माइकवर म्हणाल्या. "पुन्हा घ्या."

असं चाललं होतं. सकाळी थोडा वेळ आवाज बरा असायचा. मग तो फाटायला लागायचा, टरटर, जुनं कापड फाडावं तसा. फाटका आवाज दिला की सॉफ्टवेअर फाटकाच शिकणार, म्हणून बाई तिथेच थांबवायच्या. मी दर वेळी उरलेल्या पानांचा गठ्ठा हातात तोलून बघायची. हे गुरुवारपर्यंत कसं संपणार? गुरुवारी दुपारी त्यांना भरती करायचं होतं.

म्हणून मी घरात जाहीर केलं, की बाबांनी बोलायचं नाही. गॅरेजवाल्यांशी नाही, फोनवर नाही, कुणाशीच नाही. जो काही आवाज शिल्लक आहे तो सकाळसाठी राखायचा. बाबांनी मुकाट्याने मान डोलावली. त्यांची ती मान बघून मला रडूच यायला हवं होतं, पण मी वेळापत्रक आखत बसले. माझा नुसता जिवाचा आटापिटा चालला होता. समोरच्याकडे बघायलाही फुरसत नव्हती.

आईने दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी ती ओट्यापाशी उभी राहून, माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "तीस वर्षं हा माणूस दोन मिनिटं गप्प बसावा म्हणून देव पाण्यात घालून बसले होते मी. आता गप्प बसलाय तर घर खायला उठतं."

"आई, शुक्रवारनंतर कायमचा जाणार आहे आवाज. तो वाचवायला नको?"

"वाचव की. मी कुठे नाही म्हणते? पण वाचवून कुणाला देणार? त्या घुबडाला?" तिने वळून माझ्या हातातला कागद ओढून घेतला. "एवढी वाक्यं लिहिलीस तू. त्यात एक तरी माणूस दुसऱ्या माणसाशी बोलतोय का गं? मला विचारायचंय त्यांना काही. मला ऐकायचंय. माझ्या वाटणीचा किती ठेवलायस?"

"नंतर बोल ना आई! वाक्यं संपली की बोल, हवं तेवढं बोल!"

मी ओरडलेच तिच्यावर. बाबा दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी दोन्ही हात वर केले, आधी तिच्याकडे बघून, मग माझ्याकडे, आणि परत खोलीत गेले. पूर्वी असं भांडण झालं की ते आम्हा दोघींच्या वर आवाज काढून म्हणायचे, गप्प बसा गं दोघी, शेजारी तिकीट लावून ऐकतात. त्या दिवशी आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

गुरुवारी आईही आमच्याबरोबर आली, कारण तिथूनच थेट हॉस्पिटलला जायचं होतं. तिच्या हातात बाबांच्या कपड्यांची पिशवी. युनिव्हर्सिटीत ती पहिल्यांदाच येत होती. बाईंनी तिला आमच्या शेजारी खुर्ची दिली, आणि ती पिशवी मांडीवर घेऊन काचेतून बाबांकडे बघत बसली.

बाबांनी सुरुवात झकास केली. पानं भराभर उलटत होती. मला वाटलं, जमतंय, आज जमतंय! आणि अर्ध्यावर आलो नाही तोच आवाज चरचरला. एकदा, दोनदा. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"फार तर पंधरा-वीस मिनिटं," त्या हळूच मला म्हणाल्या. "तीही मिळाली तर."

"संपतील? न थांबता वाचलं तर?"

"थोडक्यात संपतील किंवा थोडक्यात राहतील."

तेवढ्यात आई उठली. "मला आत जाऊ दे. दहा मिनिटं."

"आई, आत्ता नाही! झाल्यावर."

"झाल्यावर काय उरणार आहे?"

मला आईचा राग आला, त्या गाठीचा आला, बाईंचाही आला, आणि त्या बिनअर्थाच्या वाक्यांचा तर इतका आला की गठ्ठा टराटरा फाडावासा वाटला. मी बाईंचा हात धरला. "बाई, काहीतरी करा ना. कमी वाक्यांत नाही का होणार? थोडा वाईट आवाज आला तरी चालेल आम्हाला. कसाही चालेल."

"झालं असतं तर मी तुम्हाला चार दिवस छळलं असतं का?" बाई म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरले होते.

काचेपलीकडून बाबांना आमचे नुसते हातवारे दिसत होते. ते माइकमध्ये म्हणाले, "काय चाललंय तुमचं? पुढची पानं दे." आवाज घोगरा झाला होता. आईने तो स्पीकरवर ऐकला आणि हातातली पिशवी खुर्चीवर ठेवून दिली. ती भांडत नव्हती आता. नुसती उभी होती, दाराच्या कडीकडे बघत. मला ते बघवेना. मी कडी काढली, उरलेली पानं तिच्या हातात कोंबली आणि म्हटलं, "जा."

आत दोघं समोरासमोर बसली. बाबा अवघडले, आई त्याहून अवघडली. स्पीकरवर तिचा आवाज आला, "गॅरेजची किल्ली कुठे ठेवलीत?"

"खुंटीवर."

"नळवाल्याला सांगितलंत?"

"सांगितलं. येतो म्हणाला."

मी कपाळावर हात मारला. अगं आई, हे विचारायला आत गेलीस? चार दिवस ज्यातला एकेक थेंब मी राखला, तो किल्लीवर आणि नळावर चाललाय! पण मग ती थांबली. काहीतरी विचारायचं होतं, ते ओठांवर येत नव्हतं. बाबा वाट बघत होते. शेवटी तिने डोळे पुसले आणि कागद त्यांच्यापुढे धरला. "वाचा. पोरगी बाहेर रडतेय."

"तुला वाचून दाखवू?"

"दाखवा."

बाबांनी वाचलं, "आठ घोडे ओट्यावर ऊन झाडत होते." पण सपाट नाही. घरी आल्यावर दिवसभराची तक्रार सांगतात ना, अगदी तसं.

"झाडू देत," आई म्हणाली. "ओटा तरी स्वच्छ होईल."

बाबांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. पुढचं वाक्य त्यांनी आवाज उतरवून, दबकत वाचलं. "काकांच्या टोपीत ओढा झोपला आहे."

"मग हळू बोला. उठेल."

"ऐंशी मुंग्यांनी जिन्यावर फळा धुतला!"

"काय सांगता! ऐंशी?"

"पट्टी गेली," बाई माझ्या कानाशी म्हणाल्या. "आणि दोघांचे आवाज एकमेकांवर चढतायत. यातलं काही वापरता येणार नाही. तुला कळतंय ना?"

"कळतंय."

"थांबवू का? अजून थोडी सपाट घेता येतील."

काचेपलीकडे बाबा हात हलवून हलवून आईला मुंग्यांचा जिना दाखवत होते. मी मान हलवली. "नको."

"शेजारच्या विहिरीला काल ठसका लागला," बाबांनी वाचलं, आणि आई म्हणाली, "तुम्ही नका लावून घेऊ." बाबांना हसू फुटलं. हसण्यातून खोकला. तो थांबेचना. आईने पाठ चोळली, पाणी दिलं. खोकला थांबला तेव्हा बाबांनी बोटाने कागदावरची ओळ शोधली आणि वाचायला सुरुवात केली, "उंटाच्या खिशात..."

एवढंच. पुढे ओठ हलले, आवाज आला नाही. संगणकावरची हिरवी रेष नुसती आडवी पडून राहिली. त्यांनी घसा खाकरला, परत तोंड उघडलं. काही नाही.

"संपला," बाई म्हणाल्या.

वाक्यं पुरली नव्हती. सॉफ्टवेअर काही बनवणार नव्हतं. घशात नाही आणि संगणकातही नाही, वाचून झालेली ती घुबडाबिबडाची वाक्यं सोडली तर माझ्या बापाचा आवाज आता कुठेच नव्हता, आणि मी दोन वर्षं आवाजांचंच शास्त्र शिकत होते. मी टेबलावर डोकं टेकलं आणि हमसून हमसून रडले. बाईंनी मुद्रण बंद करायला हात पुढे केला. मी तो धरला. का धरला, विचारू नका. काहीच येत नव्हतं तरी बंद करवेना.

आत बाबा थांबले नव्हते. बोट ओळीवर होतं, ओठ हलत होते, आणि आई पुढे वाकून त्यांच्या ओठांकडे बघत होती. "हो का?" स्पीकरवर एकट्या तिचाच आवाज येत होता. "मग पुढे? ... अरे देवा. ... मग?"

पान संपलं. बाबांनी कागद बाजूला ठेवला, चष्मा काढला आणि तिच्याकडे सरळ बघत, काहीही हातात नसताना, काहीतरी सांगितलं. बराच वेळ सांगितलं. गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या, चेहरा लाल झाला, आणि हिरवी रेष जागची हलली नाही.

आईने त्यांच्या हातावर हात ठेवला.

"अहो, हळू," ती म्हणाली. "ऐकू येतंय मला."