हिरवी टाकी

जुन्या फटफट्या घ्यायला आलेल्या गृहस्थांनी चष्मा चढवला, हिरव्या गाडीच्या टाकीजवळ गुडघ्यावर बसले आणि बोटाचं पेर रंगावरून फिरवून नाकाशी नेलं.

"हिला पॉलिश कोणी केलं?"

मुलीला आधी वाटलं, कौतुकच चाललंय. शेडमधल्या सगळ्याच फटफट्या चकचकीत होत्या. बाबांनी भंगारातून उचलून आणलेल्या, एकेक नट धुऊन पुन्हा रस्त्याला लावलेल्या. उभं आयुष्य त्यांनी त्यातच घातलं होतं. शेवटची, हिरवी, मात्र त्यांच्यातली नव्हती. तिचं इंजिन तेवढं बाबांनी चालू केलं होतं. विटका रंग आणि पहिल्या मालकाचे गुडघे घासून टाकीला पडलेले फिकट चट्टे त्यांनी जसेच्या तसे राहू दिले होते. "नवा रंग कोणीही देईल," ते म्हणायचे, "कारखान्यातला एकदाच लागतो." आल्यागेल्याने तिच्याजवळ हात पाठीशी बांधून उभं राहायचं, असा दंडकच होता.

आता त्याच टाकीत छताचा पत्रा आरशासारखा दिसत होता. कडांचा रंग पार उडाला होता.

"मी नाही केलं," ती म्हणाली.

"पॉलिशच्या कंपाउंडने घासलंय. चांगला जोर लावून." गृहस्थ उठले. गुडघे झटकायचं त्यांना सुचलं नाही. "ताई, खरं सांगू का, मी हिच्यासाठी आलो होतो. बाकीच्याही नेईन, बाबांच्या हातच्या आहेत. पण हिचं आता काय करू?"

"सगळ्या एकाच घरी जाव्यात, अशी त्यांची इच्छा होती."

"फोनवर बोललात तुम्ही." त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "बाकीच्या उद्या नेतो. ही राहू दे."

बाबांनी शेवटच्या आजारात तिच्याकडे दुसरं काही मागितलंच नव्हतं. फाटाफूट करू नकोस, एवढंच. सगळ्या नेणारा माणूस शोधता शोधता तिच्या नाकी नऊ आले होते. "विचारून येते," असं म्हणून ती घरात गेली. कोणाला काय विचारणार, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

आई पालेभाजी निवडत बसली होती.

"हिरवी गाडी तू पुसलीस?"

"पुसली की. माणूस बघायला येणार आणि नेमकी तीच कळकट."

"कंपाउंड लावलंस?"

"डबा तिथेच होता. बाकीच्यांना तेच लावायचे की."

हल्ली आई आमटीत दोनदा मीठ घालायची. दूध गॅसवर ठेवून अंगणात जाऊन उभी राहायची. पण त्या रंगाचं पुराण तिने जन्मभर जेवताना ऐकलं होतं. "एवढं मला जपलं असतं तर अजून नवरी दिसले असते," असं ती चारचौघांत ऐकवायची. आणि बाबा गेल्यावर, "सवती आहेत त्या माझ्या, उजवून टाक एकदाच्या," असा धोशा तिनेच लावला होता. मुलगी तिच्या नखांकडे बघत राहिली. कडा हिरव्या होत्या. पण समोर भाजीही होती.

"ती नेत नाही म्हणतात ते."

आईचा हात थांबला. "बाकीच्या?"

"बाकीच्या नेतात."

"मग देऊन टाक."

"अगं, बाबांना शब्द दिलाय मी. सगळ्या एकत्र."

"तुझ्याकडून घेतला," आई म्हणाली. "मला कुठे विचारलं?"

मुलगी थांबली. आई आणखी काही बोलेल असं तिला वाटलं. आईने देठं गोळा केली आणि उठली.

"चहा टाकते त्यांना. साखर चालते का, विचार जरा."

दुसऱ्या दिवशी ट्रक वळणाआड गेला तरी मुलगी शेडच्या दारातच उभी होती. फरशीवर तेलाचे डाग उरले होते. आपण शब्द मोडला, की आपल्याकडून मोडवून घेतला, तिला कळेना. रागावावं तर कोणावर? आणि धास्ती घ्यायची तर कशाची, आईच्या विसरण्याची की न विसरण्याची?

आई बाह्या दुमडत आत आली. कोपऱ्यातल्या गाडीकडे तिने जरा वेळ पाहिलं.

"भिंतीला लागून नको. त्या बाजूने ओल येते."

"मग कुठे ठेवू?"

"मध्ये घे. आता काय, जागाच जागा आहे."

मुलीने हँडल धरलं. आई मागे गेली. मडगार्डच्या रंगाला हात न लावता तिने सीटखाली पकड घेतली.

"स्टँडवरून काढताना ब्रेकवर बोटं ठेव. नाहीतर अंगावर येते ती."

मुलगी मान वळवून तिच्याकडे बघू लागली.

"पुढे बघ," आई म्हणाली. "मागून मी धरलीये."