मावशीची थंड खोली

मावशीकडे जायचं म्हटलं की बिल्डिंगची वीज सांभाळणारा वायरमन निमित्तं शोधायचा. ती रागावते म्हणून नव्हे. रागावली असती तर परवडलं असतं. ती दार किलकिलं करायची, ओठांवर बोट ठेवायची आणि म्हणायची, "हळू बोल, झोपलेत."

काकांना जाऊन वर्ष झालं होतं.

ही बिल्डिंग उन्हाळ्यात तगायची ती काकांमुळे. भर दुपारी बाहेरची वीज जायची ती दिवेलागणीलाच उगवायची. काकांनी सगळ्यांच्या मागे भुणभुण लावून गच्चीवर सोलर पॅनेल बसवून घेतली, जिन्याखाली बॅटरी ठेवली आणि नियम घातला: दुपारी प्रत्येक घरानं एकच वस्तू चालवायची. कोणती, ते ज्याचं त्यानं ठरवावं. दुसऱ्यानं 'कशाला' म्हणून विचारायचं नाही. विचारलं की भांडणं लागतात, असं त्यांचं म्हणणं. शिंपी शिलाई मशीन चालवायचा, कुणी फ्रिज, कुणी पंखा. काकांनी आपल्या वाट्याला पाण्याचा पंप घेतला, म्हणजे पाणी सगळ्यांच्या नळाला. काय म्हणावं अशा माणसाला!

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी 'जरा पडतो' म्हणून ते खोलीत गेले. आत एसी होता, पण बंद; त्यांच्या वाट्याची वीज पंपाला होती. मावशीनं दार ओढून घेतलं. उकाड्यानं कित्येक रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता, आज लागलाय तर लागू दे, म्हणून तिनं बेल वाजवणाऱ्या प्रत्येकाला हळू बोलायला लावलं. वायरमन, तिचा सख्खा भाचा, तोही तेव्हा पावलं न वाजवता परत फिरला होता. दार उघडलं तेव्हा सगळं संपलं होतं.

पुढे पंप सोसायटीनं घेतला आणि मावशीनं आपल्या वाट्याला त्या खोलीतला एसी मागितला. खोली रिकामी, दार बंद आणि आत एसी चालू. साऱ्या बिल्डिंगला ठाऊक होतं. पण नियम म्हणजे नियम. 'कशाला' विचारायची कुणाची छाती नव्हती.

यंदा ऊन जास्तच पेटलं आणि बॅटरीही थकली. उन्हं उतरायच्या आत ती मान टाकायची. शिंप्याकडे दिवस भरायच्या आधीच नातू जन्मला होता. मशीन बंद ठेवून त्यांनी बाळासाठी पंखा लावला होता. पंखा थांबला की शिंपी जिन्यात येऊन उभा राहायचा. नुसता वायरमनकडे बघायचा.

शेवटी एका दुपारी वायरमननं मनाचा हिय्या केला आणि जिन्याखालच्या बोर्डावरून मावशीची वायर सोडवली. गेलेल्या माणसापेक्षा जितं मूल महत्त्वाचं, असं तो स्वतःला बजावत होता. पण मागे कुणीतरी उभं आहे असं वाटून सारखा वळून बघतही होता.

थोड्याच वेळात मावशी जिना उतरून आली. केस कपाळाला चिकटले होते.

"अरे, ते घामाघूम झालेत. उठून बसलेत. काय झालं विजेला?"

"बॅटरी बसली, मावशी."

मावशीनं कान दिला. "मग हे पंखे कशावर फिरतायत?"

तिनं त्याच्या हातातली वायर पाहिली आणि पंख्याच्या आवाजाच्या रोखानं गेली. शिंप्याचं दार वाऱ्यासाठी सताड उघडं होतं. पंखा गरगरत होता, वारा मात्र भट्टीतला. बाळाशेजारी बसलेल्या शिंप्याच्या सुनेनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला हं. आत्ता कुठे डोळा लागलाय. रडून रडून दमला होता."

मावशीचा चेहरा पांढराफटक पडला.

"उठव त्याला."

"अहो, पण..."

"उठव म्हणते ना! झोप नाही ही!"

इतका मोठा तिचा आवाज वर्षभरात कुणी ऐकला नव्हता. तिनंच बाळाला उचललं. अंगाला हात लावला की चटका बसत होता, मान लुळी पडली होती. ओल्या फडक्यानं ती त्याला पुसू लागली, तळवे चोळू लागली, अजून नावही न ठेवलेल्या त्या जिवाला हाका मारू लागली. "ऊठ रे राजा, ऊठ! झोपायचं नाही!" शिंप्याची सून घाबरून रडायला लागली. आणि मग, देवाची कृपा, बाळानं तोंड वाकडं करून भोकाड पसरलं.

"डॉक्टरांना बोलवा," मावशी शिंप्याला म्हणाली. मग भाच्याकडे वळली. "तू माझी वायर लाव आणि सगळे पंखे बंद कर. घरोघर गरम वारा फिरवत बसण्यापेक्षा एक खोली गार ठेवू. सगळ्यांना वर बोलाव."

वायर लावून वायरमन वर धावला. खोलीचं दार उघडं होतं. आत अजून गारवा टिकून होता. शेजारी उंबऱ्याशीच थबकले होते, पुढे जायला कुणी धजत नव्हतं. पलंगावरची चादर ताणून घातलेली होती, पण उशीला मधोमध खळगा होता. मावशी तर वर्षभर बाहेरच्या खोलीत झोपत होती.

बाळाला छातीशी धरून मावशी पलंगापाशी गेली आणि वाकली. ती हळू बोलली नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा रोजच्या आवाजात म्हणाली, "अहो, उठा आता. पुष्कळ झोप झाली. बाळाला जागा हवीय."

कुणीतरी उठून बाजूला व्हावं, एवढा वेळ ती थांबली. मगच तिनं बाळाला खाली ठेवलं.